पुढे पोलीस उभे आहेत : इशारा देणे धर्म की अधर्म?

(शंका-समाधान)



धर्मविचार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एकदम मोठमोठे प्रसंग उभे राहतात. हरिश्चंद्राचे सत्य, शिबिराजाचे दान, रंतिदेवाची भूक. हे प्रसंग थोर खरेच. परंतु तुम्हा-आम्हा संसारी माणसांचा धर्म अशा प्रसंगी क्वचितच कसाला लागतो. तो कसाला लागतो बाजारात, कचेरीत, चाळीच्या नळावर आणि अलीकडे सर्वांत अधिक म्हणजे रस्त्यावर. ठाण्यास टेंभी नाक्याच्या आसपास हरिपाठाला बसणाऱ्या मंडळींत रिक्षा चालविणारे आहेत, टेंपोवाले आहेत, दुचाकीवरून कचेरी गाठणारे आहेत. त्यांच्यातल्याच एका माळकऱ्याने ही शंका काढली, आणि ती पुष्कळांच्या मनात असावी असे वाटल्यावरून येथे तिचा क्रमाने विचार करतो.

शंका अशी. ‘महाराज, आम्ही गाडी घेऊन येतो. कोपऱ्याच्या पलीकडे वाहतूक पोलीस उभे दिसतात. समोरून येणाऱ्याला आम्ही डिपर मारतो, नाहीतर हात हलवून सांगतो, की पुढे मामा उभा आहे. तो सावध होतो. उद्या तोच आम्हाला सांगतो. यात आम्ही चोरी करीत नाही, खोटे बोलत नाही, उलट गरिबाचे चार पैसे वाचवितो. तरी एक जण म्हणाला, की ही पापाची भागी आहे. तुम्ही काय सांगता?’

‘मामा’ या शब्दापुरते थोडे विनोदाने बोलायचे तर, पुराणांत प्रसिद्ध मामा दोन, कंस आणि शकुनी. त्यांच्याच ओळीत लोकांनी पोलिसाला बसविले असावे. परंतु बाबांनो, अभिमन्यूचा मामा साक्षात् श्रीकृष्ण होता, हेही विसरू नये. तेव्हा मामा म्हणताच तो वैरी, असे आधी ठरवून विचाराला बसलो तर विचार तेथेच संपला.

पूर्वपक्ष

समोरच्याचे म्हणणे दुबळे करून मांडावयाचे आणि मग त्याचे खंडन करावयाचे, ही शास्त्राची रीत नव्हे. म्हणून इशारा देणाऱ्याच्या बाजूने जे जे बलवान् म्हणता येईल ते आधी मांडू.

पहिले म्हणणे असे, की इशारा हे असत्य नाही. पोलीस उभे आहेत, ते उभे आहेत असेच सांगितले. खरे सांगणे पाप कसे?

दुसरे म्हणणे दयेचे. रिक्षावाल्याची दिवसभराची कमाई ती केवढी! एका चलानात तिचा मोठा भाग जातो आणि घरी लेकरांच्या तोंडचा घास जातो. त्याला वाचविणे ही भूतदयाच नव्हे काय?

तिसरे म्हणणे असे, की पोलीस झाडाआड, कोपऱ्याआड दडून उभे राहतात. दोष होऊ नये असे त्यांना वाटत असते तर ते उघड्यावर उभे राहिले असते. शिवाय कोठे कोठे पावतीविना पैसे मागितले जातात, अशीही लोकांची ओरड असते. अशा सापळ्यातून माणसाला सोडविले तर काय बिघडले?

चौथे म्हणणे मार्मिक आहे. सरकार स्वतःच ‘पुढे वेग मोजणारा कॅमेरा आहे’ असे फलक लावते. सरकारने पाटीवर सांगितले तर चालते, आम्ही दिव्याने सांगितले तर पाप, हा कोठला न्याय?

आणि पाचवे म्हणणे खुद्द महाभारतातले. कर्णपर्वात भगवान् श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतात. कौशिकाने सदा सत्य बोलण्याचे व्रत घेतले होते. दरोडेखोरांना भिऊन काही माणसे त्याच्या आश्रमाजवळच्या रानात शिरली. मागाहून दरोडेखोर आले आणि त्यांनी वाट विचारली. कौशिकाने खरे ते सांगितले. माणसे मारली गेली, आणि सत्यवादी कौशिक नरकाला गेला. म्हणजे पळणाऱ्याला झाकणे हाही प्रसंगी धर्मच होतो, असे भगवंतांच्याच मुखाने निघते. मग पोलिसांपासून पळणाऱ्याला आम्ही झाकले तर?

पाचही म्हणणी ऐकण्यासारखी आहेत. आता उत्तराकडे वळण्यापूर्वी राजशासनाचे म्हणणे काय ते पाहू.

राजशासन काय म्हणते

इशाऱ्याचा हा वाद काही आपल्याकडेच निघाला असे नाही. मोटारी नव्या होत्या तेव्हा इंग्लंडात १९०३ च्या कायद्याने ताशी वीस मैलांची, म्हणजे सुमारे बत्तीस किलोमीटरची मर्यादा घातली गेली. पोलीस झुडुपाआडून वेळ मोजून वेगाने जाणाऱ्यांना पकडू लागले. तेव्हा १९०५ साली मोटारवाल्यांनी एक संघ काढला आणि सायकलींवर आपली माणसे नेमली. पुढे पोलिसांचा सापळा आहे, अशी सूचना येणाऱ्या मोटारींना देणे हे त्यांचे काम. अशांवर खटले झाले. १९०७ च्या खटल्यात न्यायाधीशांनी सांगितले, की ज्यांना सूचना दिली ते त्या वेळी नियम मोडीत होते हे सिद्ध झालेले नाही, तेव्हा हा पोलिसांच्या कामातला अडथळा म्हणता येत नाही. १९१० च्या खटल्यात मात्र मोटारी नियम मोडून येत होत्या, आणि सूचना मिळताच त्यांनी वेग आवरला, हे सिद्ध झाले. तेथे अडथळा ठरला आणि शिक्षा झाली.

यावर त्या संघाने काढलेली युक्ती ऐकण्यासारखी आहे. सायकलवरचा माणूस संघाच्या सभासदाला नेहमी सलाम करीत असे. सभासदांना सांगून ठेवले, की ज्या दिवशी सलाम नाही त्या दिवशी थांबून कारण विचारा. आता सलाम न केल्याबद्दल कोणाला शिक्षा कशी करणार? बुद्धी चालली खरी. पण ती कोणत्या दिशेने चालली, ते आपण पुढे पाहू.

आपल्याकडे भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. तिच्या २२१ व्या कलमाप्रमाणे सरकारी सेवकाला त्याच्या कामात बुद्धिपुरस्सर अडथळा करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा अडीच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दिव्याचा इशारा या व्याख्येत बसतो की नाही, हे त्या त्या प्रसंगाच्या पुराव्यावर न्यायालयाने पाहावयाचे. आपला प्रश्न त्याहून निराळा आहे. कायद्याच्या हाती न सापडणारे कितीतरी कर्म चित्रगुप्ताच्या वहीत मात्र बरोबर नोंदले जाते. म्हणून कायदा जाणून घेऊन आपण धर्माकडे येऊ.

उत्तरपक्ष

प्रथम सत्याविषयी. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी वाणीच्या तपाची लक्षणे सांगितली आहेत. तेथे बोलणे खरे असावे एवढ्यावर ते थांबत नाहीत. ऐकणाऱ्याला टोचू नये, गोड असावे आणि हिताचे असावे, इतके सगळे मागतात. आता आपला इशारा या कसोटीवर लावा. पोलीस आहेत हे खरे. ऐकणाऱ्याला ते गोडही लागते, तो हसून हात वर करतो. पण हिताचे आहे काय? सारा प्रश्न या तिसऱ्या शब्दात आहे. आणि हित कोणाचे? एकट्या गाडीवाल्याचे, की रस्त्यावरच्या सर्वांचे? टेंभी नाक्यावर शाळेतली पोरे रस्ता ओलांडतात, रुग्णाला भेटायला आलेल्या म्हाताऱ्या बायका ओलांडतात, नवरात्रात देवीच्या दर्शनाला माणसांचा पूर लोटतो. इशारा गाडीवाल्याला मिळाला, पण त्याचे फळ या सर्वांनी भोगावयाचे असते.

हित ठरवावे कसे? येथे दोषांचे दोन प्रकार केले म्हणजे गाठ सुटते. काही दोष असे आहेत, की माणसाने मनात आणले तर ते त्याच क्षणी टाकता येतात. वेग कमी करता येतो. आरशाला लटकलेले हेल्मेट डोक्यावर घालता येते. कानाचा फोन खिशात ठेवता येतो. पट्टा बांधता येतो. दुसरे दोष असे, की ते त्या क्षणी टाकता येतच नाहीत. दारू प्यालेला मनुष्य तुमच्या डिपरने शुद्धीवर येत नाही. ब्रेक धरीत नसलेल्या टेंपोचे ब्रेक तुमचा हात पाहून नीट होत नाहीत. सोळा वर्षांचा मुलगा बापाची गाडी घेऊन निघाला असेल तर पुढच्या कोपऱ्यापर्यंत तो अठरा वर्षांचा होत नाही. क्षमतेहून दुप्पट माल भरलेली गाडी हलकी होत नाही.

पहिल्या प्रकारच्या दोषात इशाऱ्याने दोष सुटण्याचा निदान संभव तरी आहे. दुसऱ्या प्रकारच्या दोषात इशाऱ्याचे फळ एकच, ते म्हणजे लपणे. तो मनुष्य गाडी वळवील, गल्लीत घालील, उलट्या दिशेने पळवील. म्हणजे उजेडाच्या, रुंद रस्त्यावरून जो दोष जात होता तो तुम्ही अंधाऱ्या, अरुंद गल्लीत नेऊन सोडला, जेथे पोरे खेळत असतात. साप दिसला तर माणूस काठी आणतो किंवा सर्पमित्राला बोलावतो. त्याला शेजाऱ्याच्या घराची वाट कोणी दाखवीत नाही.

येथेच चौथ्या म्हणण्याचे, फलकाचे, उत्तर मिळते. वेगाच्या कॅमेऱ्याआधी सरकार फलक लावते, कारण वेग हा जागच्या जागी टाकता येणारा दोष आहे. फलक वाचून सगळ्यांनी वेग कमी केला की काम झाले. परंतु ३१ डिसेंबरच्या रात्री श्वास तपासण्यासाठी पोलीस नेमके कोणत्या चौकात उभे राहणार, याची पाटी कोणी लावीत नाही. कारण तेथे दोष कमी करावयाचा नसतो, दोषी मनुष्यालाच त्या रात्रीपुरते चाकामागून उठवावयाचे असते. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य सापडले तर मोटार वाहन कायद्याने पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही सांगितले आहेत. हा कडकपणा पैशासाठी नाही. तो मनुष्य घरी जिवंत पोहोचावा आणि दुसऱ्याच्या घरचाही पोहोचावा, यासाठी आहे.

कोणी म्हणेल, ‘महाराज, आम्ही दारुड्याला थोडाच इशारा देतो? आम्ही आमच्यासारख्याला देतो.’ अहो, दिवा चमकविताना समोरच्या काचेमागे कोण बसले आहे ते तुम्हाला दिसते काय? रात्री दोन दिव्यांपलीकडे सर्व अंधार. दानाच्या बाबतीत आपण देश, काल आणि पात्र पाहतो. येथे देश तुम्हाला कळतो, काल कळतो, पात्र मात्र मुळीच कळत नाही. नाकाबंदी कधी चोरीच्या गाडीसाठी असते, कधी पळवून नेलेल्या मुलासाठी असते. तुमचा इशारा रिक्षावाल्याला पोहोचतो तसाच त्या मुलाला पळविणाऱ्यालाही पोहोचतो. आंधळ्या हाताने दान करू नये, ते याचसाठी.

आता कौशिकाची कथा. ही कथा पूर्वपक्षाने काढली खरी, पण ती नीट पाहिली तर आपल्याच बाजूची साक्षीदार निघते. कौशिकाच्या कथेत पळणारे निरपराध होते आणि मागे लागलेले दरोडेखोर होते. तेथे शब्द बोलल्याने हिंसा झाली. आपल्या प्रसंगी पळणारा दोषयुक्त आहे आणि उभा असलेला रक्षणासाठी नेमलेला आहे. येथे शब्द बोलल्याने हिंसेला वाट मिळते. भगवंतांनी ती कथा सांगितली ती झाकण्याची थोरवी गाण्यासाठी नव्हे. अर्जुन आपल्या प्रतिज्ञेच्या अक्षराला चिकटून धर्मराजावर शस्त्र उचलू पाहत होता. शब्दाचे अक्षर धरून बसू नये, त्याने कोणाचा जीव जातो ते पाहावे, हे त्या कथेचे मर्म. ‘आम्ही खरेच तर सांगितले’ असे म्हणणारा इशारेवाला नेमका कौशिकाच्याच जागी उभा आहे.

वाटेकरी कोण?

‘दोष करणारा तो, मग पाप माझ्याकडे कसे येईल?’ असेही विचारतात. पतंजली मुनींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात हिंसादि दोषांचा विचार करताना त्यांचे तीन प्रकार केले आहेत. एक स्वतः केलेला, एक दुसऱ्याकडून करविलेला, आणि एक दुसऱ्याने केल्यावर मान डोलावून संमत केलेला. आणि त्यांची मुळे तीन सांगितली, लोभ, क्रोध आणि मोह. आपल्या या लहानशा इशाऱ्याला ही सूत्रे लावून पाहा, किती चपखल बसतात. ‘आज मी त्याला वाचविले, उद्या तो मला वाचवील’, हा लोभ. ‘पोलिसाला आज एकही पावती फाडू देत नाही’, हा क्रोध. ‘आपण सगळे गाडीवाले एक’, हा मोह. चौथे एक मूळ असू शकते, ते म्हणजे दया. तेवढे शुद्ध असेल तर ते जपले पाहिजे, म्हणून त्याचा विचार निराळा करू.

इंग्लंडातल्या त्या सलामाच्या युक्तीचेही येथे उत्तर मिळते. सलाम न करणारा कायद्याच्या हातून सुटला असेल. पण सलाम का केला नाही, हे त्याच्या अंतर्यामीचा साक्षी पाहतच होता. वाणीने करा, दिव्याने करा, नाहीतर मौनाने करा, कर्म हेतूला चिकटते.

दया खरी कोणती?

रिक्षावाल्याचा घास जातो, हे दुःख खोटे नाही. ते थट्टेने उडवू नये. परंतु दया करावयाची तर ती पुरती करावी. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. म्हणजे रोज चारशे साठांहून अधिक. एकट्या महाराष्ट्रातली संख्या १५,२२४. दुचाकीवर हेल्मेटाविना गेलेली देशभरातली माणसे ५०,०२९, आणि त्यांतली १४,३३७ मागे बसलेली होती. मागे बसलेली म्हणजे कोण? कोणाची पत्नी, कोणाची आई, कोणाचे पोर. हेल्मेटाचे चलान वाचविल्याचा आनंद आणि हा आकडा एकाच तागडीत घालून बघा.

वेगाची गोष्टही समजून घ्यावी. वेग दुप्पट झाला म्हणजे ब्रेक दाबल्यावर गाडी थांबण्याचे अंतर दुप्पट होत नाही, ते सुमारे चौपट होते. तीसच्या वेगाने जी गाडी म्हातारीच्या अलीकडे थांबली असती, ती साठच्या वेगाने तिच्या अंगावर जाते. तेथे तुमचा डिपर उपयोगी पडत नाही.

म्हणून खरी दया कोणती, तर दोषाआधीची. शेजारच्या रिक्षावाल्याचा विमा, पी.यू.सी., फिटनेस यांची मुदत पुढच्या आठवड्यात संपते, हे त्याला आठ दिवस आधी आठवण करून देणे. कागद भरता येत नसेल तर भरून देणे. हेल्मेट घ्यायला पैसे नसतील तर चार जणांनी मिळून घेऊन देणे. मित्र पिऊन उठला तर त्याच्या हातची किल्ली काढून घेणे आणि त्याला रिक्षात घालून घरी सोडणे. यात चलानही वाचते आणि माणूसही वाचतो. नाक्याआधी शंभर पावलांवर जागी होणारी दया उशिरा जागी झाली, असे समजावे.

पोलीस चुकत असतील तर?

तिसरे म्हणणे राहिले. पोलीसही माणसेच आहेत, त्यांत बरे-वाईट असणारच. पावतीविना पैसे मागणारा असेल तर तो दोषीच, त्यात शंका नाही. पण त्याचे औषध कोणते? दिंडीत चालणाऱ्यांना हे निराळे शिकविण्याचे कारण नाही. हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला घालून दिलेली शिस्त आठवा. मुक्कामाच्या ठिकाणी समाज आरतीच्या वेळी सर्व दिंड्या भोवती उभ्या राहतात. चोपदार चोप उंच करतो. एका क्षणात हजारो टाळ थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो. तक्रार असलेली दिंडी रागावून आडवाटेने पंढरीला निघून जात नाही, आणि दुसऱ्या दिंड्यांना खुणा करून चोपदाराला चुकवाही, असेही सांगत नाही. ती सर्वांसमक्ष टाळ वाजविते.

हीच रीत रस्त्यावर चालवावी. पैसे मागितले तर पावती मागावी, ई-चलान मागावे. चलान चुकीचे वाटले तर वरिष्ठांकडे लेखी तक्रार करावी, न्यायालयात म्हणणे मांडावे. हा टाळ वाजविणे झाले. डिपर मारून सर्वांनाच चुकविणे, यात भला पोलीस आणि बुरा पोलीस एकाच मापाने मोजला जातो. बुऱ्याचे काही बिघडत नाही, आणि भल्याचे काम तेवढे अडते.

आपल्या घरचे उदाहरण

हे सर्व दुसऱ्यांना सांगण्याआधी आपल्याकडे पाहावे. १५ जुलै २०२४ च्या मध्यरात्री डोंबिवलीकडच्या गावांतून आषाढीसाठी पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांची बस मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ एका ट्रॅक्टरवर आदळून खाली कोसळली. पाच जणांचे प्राण गेले, चाळीसहून अधिक जखमी झाले. एकादशी एका दिवसावर आली होती. त्या मार्गावर ट्रॅक्टरला मुळी परवानगीच नाही. दोष कोणाचा किती, हे ठरविणे आपले काम नव्हे. पण एवढा विचार आपण करावा, की तो ट्रॅक्टर मार्गावर चढण्यापूर्वी कोणी अडविला असता, तर अडविणाऱ्याला चालकाने शिव्याच दिल्या असत्या, आणि ती बस मात्र पंढरीला पोहोचली असती.

३१ ऑक्टोबर २०२२ रोजी कार्तिकीला चाललेल्या कोल्हापूरकडच्या दिंडीत सांगोल्याजवळ जुनोनी येथे भरधाव मोटार शिरली. सात वारकरी गेले. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी दिवे घाटात आळंदीला निघालेल्या नामदेवरायांच्या पालखी सोहळ्यात माती उकरणारे यंत्र घुसले. ब्रेक निकामी झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. नामदेवरायांच्या घराण्यातले महाराज आणि आणखी एक वारकरी त्यात गेले. पायी चालणारा वारकरी हा रस्त्यावरचा सर्वांत उघडा जीव आहे. त्याच्या डोक्याला हेल्मेट नाही, भोवती पत्रा नाही, मागून काय येते ते त्याला दिसत नाही. वेगवान् आणि बिघडलेल्या गाडीला मागच्या नाक्यावर जो अडवितो, तो त्याला माहीत नसतानाही आपल्या दिंडीचे रक्षण करीत असतो. आणि त्या नाक्याची खबर देणारा, त्यालाही माहीत नसताना, काय करीत असतो, हे मी उघड करून सांगावयास नको.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. दिंडीचे सामान नेणाऱ्या मालाच्या ट्रकात वर माणसे बसतात. पुढे भगवी पताका असते. पोलिसांनी अडविले की आपण गळ्यातली माळ पुढे करतो, ‘वारकरी आहोत, सोडा माउली.’ मागच्या गाडीलाही फोन जातो, की अमुक नाक्यावर तपासणी आहे, दुसऱ्या रस्त्याने या. बंधूंनो, माळ ही पांडुरंगाला दिलेल्या शब्दाची खूण आहे, ती नाका ओलांडण्याचा परवाना नव्हे. भरल्या ट्रकात वर बसलेली म्हातारी माणसे वळणावर खाली पडली, तर पताका त्यांना झेलीत नाही. आषाढीच्या दिवसांत वारकऱ्यांच्या गाड्यांना शासन पथकराची माफी देते, हे आपण आनंदाने घेतो. जे राजशासन सवलत देते त्याचे, तेच राजशासन तपासणी करते तेव्हा शत्रू कसे होईल?

सिद्धांत

पंचांगांचे मतभेद असोत, पण येथे निर्णय अवघड नाही. इशारा मात्र सर्वच पाप, असे म्हणणे अतिरेकाचे होईल. ‘पुढे रस्ता खचला आहे’, ‘पुढे अपघात झाला आहे, हळू जा’, ‘पुढे शाळा सुटली आहे’, असे सांगणारा पुण्यच जोडतो. दिंडीतही पुढचा मागच्याला म्हणतो, ‘खड्डा आहे, माउली’, आणि तो शब्द शेवटच्या वारकऱ्यापर्यंत जातो. न्यायशास्त्रात अन्वय-व्यतिरेक म्हणून परीक्षा आहे. एक गोष्ट असता दुसरी असते काय, आणि पहिली नसता दुसरीही नसते काय, हे पाहावयाचे. तीच येथे लावावी. तेथे पोलीस नसते तरी मी हाच शब्द बोललो असतो काय? ‘हळू चालव’ हा शब्द पोलीस असोत वा नसोत, बोलण्याजोगा आहे. ‘गल्लीतून जा’ हा शब्द पोलीस असले तरच बोलला जातो. पहिला शब्द माणसाला सांभाळतो, दुसरा त्याच्या दोषाला सांभाळतो. दोष सुटावा म्हणून दिलेली सूचना धर्म; दोष लपावा म्हणून दिलेली सूचना त्या दोषातली भागीदारी. आणि समोरचा कोण, त्याचा दोष कोणता, हे दिसत नसेल तेव्हा हात आवरावा, हे निर्विवाद.

राहता राहिला मध्यम प्रकार. पोलीस पाहून डिपर मारला आणि समोरच्याने खरोखरच वेग कमी केला, हेल्मेट डोक्यावर घातले, तर त्यात काहीच चांगले नाही काय? आहे, पण थोडे आहे. नाका मागे पडला की हेल्मेट पुन्हा आरशावर जाते. भयाने घातलेले भयाबरोबर उतरते. त्या माणसाला एवढेच शिकायला मिळाले, की जपावयाचे ते पोलिसापासून, मरणापासून नव्हे. म्हणून अशा जागी खूण करण्यापेक्षा उद्या चहाच्या टपरीवर त्याला दोन शब्द प्रेमाने सांगावे. ते अवघड जाते, कारण डिपर मारल्यावर माणूस हसतो, आणि हिताचे सांगितल्यावर तोंड फिरवितो. परंतु गोड तेवढेच बोलावयाचे तर माळ घालण्याची गरज नव्हती.

ज्याने शंका काढली त्याने आणखी एक विचारले होते, तेही सांगून पुरे करतो. ‘आम्ही इशारा देणे बंद केले, तर बाकीचे गाडीवाले आम्हाला परका समजतील. उद्या आम्हालाही कोणी सांगणार नाही. मग आम्ही काय करावे?’ उत्तर सोपे आहे, पण पाळायला कठीण. आपले कागद पुरे ठेवावे, डोके झाकावे, दिवा लाल असता थांबावे, पिऊन चाकाला हात लावू नये. मग पुढे कोण उभे आहे, हे कोणी न सांगितले तरी चालते. ज्याला लपवावयाचे काही नाही, त्याला खबर लागत नाही. पोलीस दिसला तर राम कृष्ण हरि म्हणावे आणि सरळ पुढे जावे.

॥ पुंडलीक वरदा हरि विठ्ठल ॥